सल्ला: कोंडा खाऊन कॅन्सर टळेल ना, ताई?

ताई, मी ३७ वर्षांची आहे. गेल्या वर्षी बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा ते ५६ चे होते. ऑपरेशन झालं, किमो झाली, आता डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. तेव्हापासून मी घरातला मैदा, पांढरा ब्रेड, पांढरा तांदूळ सगळं बंद करून टाकलंय. मी स्वतः रोज सकाळी तीन मोठे चमचे गव्हाचा कोंडा पाण्यात कालवून घेते, कारण एका व्हिडिओत सांगितलं होतं की कोंड्याने आतडं आतून घासून निघतं आणि कॅन्सर होतच नाही. पोट मात्र दिवसभर डब्ब असतं, गॅसने जीव नकोसा होतो. दादा (४१) म्हणतो हे सगळं थोतांड आहे, ट्रायलमध्ये फायबर कधीच फेल गेलंय. तो चिप्स खात बसतो आणि मला हसतो. बाबांचं वेगळंच, ते म्हणतात मी जन्मभर पांढरा ब्रेड खाल्ला म्हणून हे भोगतोय. आमच्याकडे तशी कॅन्सरची हिस्टरी नाही, म्हणजे आत्या गेली कॅन्सरने पण तिचा गर्भाशयाचा होता, ४७ ची होती ती. नवरा आता जेवायला बसला की तोंड वाकडं करतो. मी बरोबर करतेय ना? होल ग्रेन खाऊन मला हे टळेल ना?
— धास्तावलेली

अगं, धान्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, पण तुझं पत्र वाचताना मी अडकले ती शेवटी शेवटी, तू जाता जाता लिहिलंयस तिथे. आत्या. ४७ व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर, आणि तिच्या सख्ख्या भावाला ५६ व्या वर्षी आतड्याचा. तू याला "हिस्टरी नाही" म्हणतेस, कारण अवयव वेगळे आहेत. पण हे दोन कॅन्सर एकाच घरात, त्यातला एक पन्नाशीच्या आत, असं दिसलं की डॉक्टरांच्या डोक्यात एक नाव येतं, लिंच सिंड्रोम. डीएनएची कॉपी होताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारे काही जीन असतात, त्यातला एक जन्मतःच बिघडलेला असला की आतडं आणि गर्भाशय या दोन ठिकाणी कॅन्सरची रिस्क खूप वाढते, आणि तो बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून मुलात यायची शक्यता निम्मी असते.

तुमच्या घरात तो आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये हं, आत्याला नुसता योगायोगानेही झालेला असू शकतो, आणि तो नेमका गर्भाशयाच्या अस्तराचा होता की गर्भाशयाच्या मुखाचा, हेही विचारावं लागेल, कारण मुखाचा असेल तर त्याचं कारण वेगळं, तो एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो आणि त्याचा याच्याशी संबंध नाही. पण हे तपासता येतं, आणि सोपं आहे. बाबांच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा जो पॅथॉलॉजी रिपोर्ट आहे तो फाइलमधून काढ आणि त्यात "एमएमआर" किंवा "एमएसआय" अशी टेस्ट (दुरुस्तीचे ते जीन गाठीत नीट चालत होते का हे सांगणारी) केलीय का बघ. बऱ्याच ठिकाणी ती आता आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर करतात, तेव्हा कदाचित उत्तर तुमच्या कपाटात पडलेलंच असेल. केलेली नसेल तर बाबांच्या ऑन्कोलॉजिस्टना विचार, जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर ती नंतरही करता येते. आणि विचारताना आत्याचं नक्की सांग, ते त्यांना कोणी सांगितलंच नसेल.

हे मी आधी का लिहिलं तर लिंच निघाला तर सगळं वेळापत्रकच बदलतं. त्या लोकांची कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी) साधारण विशीतच, २० ते २५ च्या दरम्यान सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात (कुठला जीन बिघडलाय त्यावर थोडं मागेपुढे). म्हणजे तू ३७ ला कोंडा कालवत बसलीयेस आणि खरी गोष्ट राहूनच गेलीय, असं होऊ नये.

बरं, आता धान्य.

दादा आणि तू दोघंही थोडे थोडे बरोबर आहात आणि गंमत म्हणजे दोघांचं भांडण दोन वेगवेगळ्या गोष्टींवर चाललंय. फायबर आणि आतड्याचा कॅन्सर हा विषय गाजला तो डेनिस बर्किट या आयरिश सर्जनमुळे. आफ्रिकेत बरीच वर्षं काम करताना त्याच्या लक्षात आलं की तिथल्या खेड्यांतल्या लोकांना आतड्याचा कॅन्सर जवळपास होतच नाही, आणि त्यांच्या खाण्यात पॉलिश न केलेलं, कोंड्यासकटचं धान्य भरपूर. १९७१ मध्ये त्याने हे मांडलं. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लोकांच्या शौचाचं चक्क वजन केलं, खाल्लेलं बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि फायबर जास्त खाणाऱ्यांचं पोट लवकर आणि भरपूर साफ होतं हे दाखवून दिलं. मग काय, कोंड्याची लाटच आली, नाश्त्याच्या प्रत्येक डब्यावर फायबर फायबर.

पण दोन समाजांत शंभर गोष्टी वेगळ्या असतात, नुसतं धान्य थोडंच वेगळं असतं, म्हणून मग नीट ट्रायल घेतल्या. दादा म्हणतो त्या ह्याच. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन आल्या. दोन्हीत आधी पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, जिचा पुढे कधी कधी कॅन्सर होतो) काढलेली माणसं घेतली होती. एकीत दोन हजारांवर लोक होते, त्यातल्या निम्म्यांना कमी फॅटचं, भरपूर फायबर, फळं, भाज्या असं जेवण चार वर्षं. दुसरीत गव्हाच्या कोंड्याचं सीरियल, एका गटाला दिवसाला १३.५ ग्रॅम फायबर मिळेल इतकं आणि दुसऱ्याला जेमतेम २ ग्रॅम. शेवटी मोजलं तर नवे पॉलिप सगळ्यांना सारखेच. काहीही फरक नाही.

आता ही दुसरी ट्रायल परत वाच. गव्हाचा कोंडा, वरून, रोज. अगं हेच तर तू सकाळी करतेयस! म्हणजे तुझ्या त्या तीन चमच्यांबद्दल दादा बरोबर आहे, त्याने कॅन्सर टळतो असं दाखवणारं काही नाही, आणि माणसांवर करून बघितलं तेव्हा पॉलिपसुद्धा कमी झाले नाहीत.

पण म्हणून अख्खं धान्य फेल गेलं का, तर नाही, तिथे दादा घसरतो. एक तर ह्या ट्रायल तीन-चार वर्षांच्या आणि साध्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. ज्यांना आधीच पॉलिप होऊन गेलेत अशा साठीच्या आसपासच्या माणसांच्या आयुष्यातली मधलीच चार वर्षं उचलून तपासली तर तिशीपासून वीस-तीस वर्षं तसं खाणाऱ्याबद्दल त्यातून फार कळत नाही. आणि दुसरं, तपासला तो कोंडा किंवा एकूण फायबर, अख्खं धान्य नव्हे.

अख्ख्या धान्याचा वेगळा हिशोब ज्यांनी ठेवला त्यांना वेगळं दिसलं. अमेरिकेत जवळपास पाच लाख मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांच्या खाण्याची नोंद ठेवून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे, त्याचा २००७ चा निकाल मला फार बोलका वाटतो. एकूण फायबरचा आणि आतड्याच्या कॅन्सरचा संबंध त्यात जवळपास दिसला नाही, पण होल ग्रेन सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत हा कॅन्सर सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा साधारण एक पंचमांशाने कमी होता. मग वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडने जगभरचे असे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो रिपोर्ट काढला त्यात आकडा आला तो असा, दिवसाला ९० ग्रॅम होल ग्रेनमागे रिस्क १७ टक्क्यांनी कमी. पुराव्याला त्यांनी दर्जा दिला "बहुधा", म्हणजे पक्का याच्या एक पायरी खाली. तो दर्जा मला योग्य वाटतो, कारण हे सगळे नुसते निरीक्षणाचे अभ्यास आहेत, आणि होल ग्रेन खाणारी माणसं सहसा सिगरेट कमी ओढतात, चालतात जास्त, तपासण्या वेळेवर करतात, आकडेमोडीत ते वजा करतात खरं पण सगळंच्या सगळं वजा होतं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

आणि १७ टक्के ऐकून हुरळून जाऊ नकोस, जरा उलगडून बघ. ज्या देशांत हा कॅन्सर जास्त आहे तिथे आयुष्यभरात साधारण १०० तल्या ४ जणांना होतो. वडिलांना झालेला असेल तर तुझी रिस्क साधारण दुप्पट धरतात, म्हणजे तुझ्यासारख्या १०० जणींत ८. त्या सगळ्या रोज नेमाने होल ग्रेन खायला लागल्या आणि तो १७ टक्क्यांचा फायदा पूर्णच्या पूर्ण खरा निघाला तर ८ च्या जागी साडेसहा-पावणेसात. हा अगदी ढोबळ हिशोब आहे, लिंच वगैरे बाजूला ठेवून, पण त्यातून तुला कळेल की फायदा आहे, तो फुकटात मिळण्यासारखा आहे, तो घ्यावाच, पण त्या उरलेल्या साडेसहांत तू नसशील याची गॅरंटी तुला कुठलंच धान्य देत नाही. डोक्यावर हेल्मेट आहे म्हणून कोणी सिग्नल तोडत नाही ना.

ते "घासून निघतं" प्रकरण तर डोक्यातून काढूनच टाक. आतड्याला घासण्याची गरज नसते, आतलं अस्तर तसंही दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं. फायबर करतं ते वेगळंच. एक म्हणजे पाणी धरून ठेवून मळाचं आकारमान वाढवतं आणि तो पुढे लवकर सरकतो, त्यामुळे त्यातले नको ते पदार्थ, विशेषतः पित्तातल्या आम्लांचे बदललेले प्रकार, पातळ होतात आणि अस्तराला कमी वेळ लागून राहतात. दुसरं जास्त इंटरेस्टिंग आहे, आपल्याला न पचलेलं काही फायबर मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक छोटं फॅटी ॲसिड बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ह्याच ब्युटिरेटवर जगतात, रक्तातल्या साखरेवर नाही. लॅबमध्ये तर ब्युटिरेट निरोगी पेशीला पोसतं आणि बिघडलेल्या पेशीची वाढ रोखतं असं दिसलंय. २०१५ मध्ये एक छान प्रयोग झाला होता, दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातल्या २० आणि अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीय लोकांचा आहार दोन आठवडे आपसात बदलला. फायबर वाढलेल्यांचं ब्युटिरेट वाढलं आणि अस्तरातली सूज आणि पेशींची वाढ दाखवणाऱ्या खुणा सुधारल्या, आणि ज्यांचं फायबर काढून फॅट आणि मांस वाढवलं त्यांचं बरोबर उलटं. दोन आठवड्यांत! त्याने कॅन्सर टळला असं सिद्ध होत नाही, पण आतडं आपण काय खातो त्याची दखल किती पटकन घेतं ते दिसतं.

आणि इथेच अख्खं धान्य आणि नुसता कोंडा यातला फरक येतो. दाण्याचे तीन भाग, बाहेर कोंडा, एका टोकाला छोटा अंकुर, आणि बाकी सगळा आतला पांढरा पिठाळ भाग. मैदा किंवा पांढरा तांदूळ म्हणजे फक्त हा तिसरा भाग. कोंड्यात फायबर आणि मॅग्नेशियमसारखी खनिजं, अंकुरात ई व्हिटॅमिन, चांगले फॅट्स, आणि ह्या दोन्हीत मिळून बरीचशी बी व्हिटॅमिन्स. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि अंकुर-कोंडा सफाईने वेगळा काढणं स्वस्त झालं, पीठ महिनोन् महिने टिकायला लागलं, कारण खवट होणारा भागच काढून टाकलेला. तू काय करतेयस, तर तो काढलेला एकच तुकडा विकत आणून पाण्यात ढवळून पितेयस. फायदा नेमका कशाचा, फायबरचा की बाकीच्यांचा की सगळ्यांनी मिळून, याचा निकाल लागलेला नाही, म्हणून धान्य अख्खं खाल्लेलं बरं.

तर ते तीन चमचे बंद कर. तुझं डब्ब पोट बहुतेक त्यामुळेच आहे, एकदम एवढं फायबर आलं की बॅक्टेरिया जोरात गॅस करतात, आणि पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठ होतं. फायबर हळूहळू वाढवायचं असतं, आठवड्याला एखादा पदार्थ बदलायचा, तीन-चार आठवडे पोटाला सवय होऊ द्यायची, आणि पाणी वाढवायचं. कोंडा थांबवूनही दोन-तीन आठवड्यांत पोट उतरलं नाही तर ते धान्यावर ढकलू नकोस, डॉक्टरला दाखव. रक्तातलं लोह कमी असेल आणि गोळी चालू असेल तर ती होल ग्रेनच्या नाश्त्याबरोबर घेऊ नको, कोंड्यातलं फायटिक ॲसिड लोह धरून ठेवतं, दोन तासांचं अंतर ठेव. (आणि लोह कमी का आहे हा प्रश्नही विचार, आतड्यातून थेंब थेंब रक्त जाणं हे त्याचं एक कारण असतं.)

९० ग्रॅम म्हणजे किती तर घाबरण्यासारखं काही नाही, साधारण तीन सर्व्हिंग. होल ग्रेन ब्रेडची एक स्लाइस ही एक, अर्धा कप शिजवलेले ओट्स एक, अर्धा कप शिजलेला ब्राउन राईस एक. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, सातू (म्हणजे जव), सगळं चालतं, फक्त पॉलिश केलेलं नको, सातूचे ते गोल गुळगुळीत पांढरे मोती मिळतात त्यांचा बराचसा कोंडा गेलेला असतो. साधे पॉपकॉर्नसुद्धा होल ग्रेनच आहेत, वर बटर आणि कॅरमल ओतेपर्यंत. दळल्याने धान्य अख्खं राहत नाही असं नाही, चाळून कोंडा फेकला की राहत नाही.

ब्रेड घेताना मात्र पाकिटाचा पुढचा भाग वाचूच नकोस, सरळ उलटा कर. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिलं नाव काय आहे बघायचं. "गव्हाचं पीठ" एवढंच असेल तर तो बहुतेक वेळा मैदाच असतो, "अख्ख्या गव्हाचं पीठ" हवं. मल्टिग्रेन म्हणजे पाच प्रकारची धान्यं, पाचही पॉलिश केलेली असली तरी ते मल्टिग्रेनच. तपकिरी रंग कॅरमलनेही येतो. मग खालचा तक्ता बघ, कार्बोहायड्रेटच्या आकड्याला फायबरच्या आकड्याने भाग, १० किंवा त्याहून कमी आलं तर ठीक. समजा १०० ग्रॅममध्ये कार्ब ४८ आणि फायबर ३, तर आलं १६, पाकिटावर शेताचं कितीही सुंदर चित्र असो, ठेवून दे. कार्ब ४२ आणि फायबर ७ असेल तर ६ आलं, घे. हा नियम तांदळाला लावू नकोस, ब्राउन राईसचं फायबर मुळातच गव्हा-ओट्सच्या मानाने कमी असतं.

आणि नवऱ्यावर एवढा अत्याचार कशाला? पांढरा भात म्हणजे विष नाही गं. अर्धा पांढरा अर्धा ब्राउन कर (ब्राउनला शिजायला जास्त वेळ लागतो, वेगळा शिजवून मग मिसळ), रोजच्यापैकी एक-दोन गोष्टी बदल, बाकी त्याला त्याचं खाऊ दे. फायबर फक्त धान्यातच असतं असंही नाही, डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं यांतून भरपूर येतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलंय ते ह्या सगळ्यांतून मिळून. आणि खाण्यातून रिस्क कमी करायची तर होल ग्रेनच्या बरोबरीने दुसऱ्या बाजूलाही बघ, सॉसेज, हॅम, बेकनसारखं प्रोसेस्ड मांस २०१५ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कॅन्सरची रिस्क साधारण १८ टक्क्यांनी वाढते. दारू, सिगरेट, वाढलेलं वजन, बसून राहणं, ही बाकीची मंडळी आहेतच.

बाबांना जाऊन सांग की त्यांच्या ब्रेडने त्यांना कॅन्सर झाला असं जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. हे आकडे हजारो लोकांच्या सरासरीचे असतात, एका माणसाकडे बोट दाखवून "तुला ह्यामुळे" असं त्यांच्यातून निघत नाही. पांढरा ब्रेड जन्मभर खाऊन नव्वदीत गेलेली माणसं आहेत आणि ओट्स खाणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो. आणि आत्याचं ते खरं निघालं तर कारण जन्माच्या आधीपासूनचं असेल. त्यांना हवंच असेल तर पुढे बघण्यासारखं आहे, २०१८ च्या एका अभ्यासात, कॅन्सर लांब न पसरलेल्या दीड हजारावर पेशंटमध्ये निदानानंतर ज्यांनी फायबर जास्त खाल्लं, विशेषतः धान्यातून, त्यांच्यात ह्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी दिसले. हेही निरीक्षणच आहे, पण सुरुवात करायला हरकत नाही, फक्त सर्जनला विचारून, कारण आतड्याच्या ऑपरेशननंतर काही काळ उलट कमी फायबरचं खायला सांगतात आणि कोणाला आतडं अरुंद झालेलं असलं तर जास्त फायबर त्रासाचं होतं.

आता दादा. खरं तर हा भाग तू त्यालाच वाचायला दे. लिंच नाही असं ठरलं तरी, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला ६० च्या आत हा कॅन्सर झाला असेल तर अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांची गाइडलाइन म्हणते की ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करा आणि दर ५ वर्षांनी करा. बाबा ५६, दहा वजा केले तर ४६, पण ४० आधी येतं. दादा ४१ चा आहे, म्हणजे त्याची वेळ होऊन गेली! देशोदेशी नियम थोडे वेगळे आहेत म्हणून नक्की काय ते डॉक्टर सांगतील, पण चिप्स खात फायबरच्या ट्रायल सांगणाऱ्याला एवढं तरी सांग की ज्या गोष्टीचा पुरावा खरंच भक्कम आहे ती हीच, पॉलिप दिसला की त्याच वेळी काढून टाकतात आणि त्याचा कॅन्सर व्हायची वेळच येत नाही. तू ३७ ची आहेस, तुझा नंबर ४० ला, पण बाबांच्या रिपोर्टचं कळेपर्यंत हे ४० पक्कं धरू नकोस. आणि मधल्या काळात शौचातून रक्त, पोट साफ होण्याची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहणं, विनाकारण वजन उतरणं यातलं काहीही झालं तर वयाबियाची वाट न बघता जा, मूळव्याध असेल म्हणून घरी बसू नको.

लिंच निघालाच तर तेव्हाही फायबरच्या मागे धावण्याआधी हे माहीत असू दे, लिंच असलेल्या लोकांवर एक मोठी ट्रायल झालीय, त्यात रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च देऊन बघितला, ज्याचं आतड्यात फायबरसारखंच होतं. आतड्याचा कॅन्सर त्याने कमी झाला नाही, मात्र बऱ्याच वर्षांनी बघितलं तर पोटाच्या वरच्या भागातले इतर काही कॅन्सर कमी दिसले. त्याच ट्रायलमध्ये ॲस्पिरिनने मात्र आतड्याचा कॅन्सर कमी झाला. म्हणून उद्या दुकानातून ॲस्पिरिन आणू नकोस, पोटात रक्तस्राव करू शकतं ते, ज्याला लिंच आहे त्याने डॉक्टरशी बोलून ठरवायचं.

दादाची तारीख ठरली की एक लक्षात ठेव, कोलोनोस्कोपीच्या आधी एक ते तीन दिवस कमी फायबरचं खायचं असतं, होल ग्रेन, बिया, सालं सगळं बंद, नाहीतर आतडं नीट साफ होत नाही आणि डॉक्टरला आत काही दिसत नाही. तेव्हा त्या दिवसांत त्याच्या पुढ्यात ओट्स ठेवू नकोस, पांढरा ब्रेड आणि पांढरा भातच दे, आणि सेंटरवाले जो सूचनांचा कागद देतात तो त्याला आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी वाचायला लाव, कारण लोहाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची ते त्यातच असतं.